बाबा म्हणू नकोस

सिडनीतल्या पॅरामॅटाच्या ऑफिसात टॅक्स एजंटने दरवर्षीचा प्रश्न विचारला, "अवलंबून असलेली मुलं किती?"

"एक. स्वरदा," दत्तप्रसाद दरवर्षीसारखाच म्हणाला.

"अहो, घटस्फोट झाला ना तुमचा? मुलगी बायकोची. बायको गेली, तशी तीही गेली." एजंटने एक बटण दाबलं आणि पोरगी स्क्रीनवरून नाहीशी झाली.

मिताली दत्तप्रसादशी लग्न करून सिडनीला आली, तेव्हा स्वरदा चार वर्षांची होती. मितालीचा पहिला नवरा पुण्यात मजेत. पोरीला साधा फोन करायचीही त्याला कधी बुद्धी झाली नाही. तरी तिने दत्तप्रसादला पहिल्यांदा 'बाबा' म्हटलं, तेव्हा यानेच तिला थांबवलं. "बाबा म्हणू नकोस. तुला बाबा आहेत. मी काका." दुसऱ्याचा हक्क घ्यायचा नाही म्हणे! कसला हा सोवळेपणा? डबे यानेच भरले, तापात उशाशी हाच बसला, पोहायलाही यानेच शिकवलं, आणि राहिला काकाच.

आता मिताली ग्रेगशी लग्न करून ॲडलेडला राहते, स्वरदाही तिथेच.

बाहेर येऊन त्याने स्वरदाला फोन लावला. शाळेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. एजंटचं मात्र काही बोलला नाही.

"काका, ठेवते हं. डॅड गाडीत थांबलाय."

पुण्याचा बाप शेवटी उगवला की काय? "बाबा आलेत तुझे?"

"नो, ग्रेग! मी त्याला विचारलं, डॅड म्हणू का. तो म्हणाला, ऑफ कोर्स."