बिल्ला लटकला म्हणजे माणूस खाली

माजरीच्या खाणीत कलाबाईंनी एकोणतीस वर्षं दिवे वाटले. खाली उतरणाऱ्या माणसाने खिडकीत आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा आणि डोक्याला लावायचा दिवा घ्यायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला लटकलेला असला म्हणजे माणूस अजून खाली आहे, आणि माणूस खाली असताना कलाबाई घरी जात नसत. एकदा एक गडी दिवा न देताच वरातीत नाचायला गेला. कलाबाई वरातीत शिरल्या, त्याच्या डोक्यावरचा दिवा उतरवला, हातात बिल्ला ठेवला आणि आलोच आहोत तर म्हणून नवरदेवाला आशीर्वादही देऊन आल्या.

अशा बाईच्या घरात मात्र उजेडाची मोजदाद कधी झाली नव्हती. खाणीच्या क्वार्टरला वीज फुकट, मीटरच नव्हता. हिटरवर पाण्याचं पातेलं दिवसभर चढलेलं असे. यजमान देवराव शिवणकाम करत. त्यांची इस्त्री गार झालेली कोणी पाहिली नव्हती. बटण ही लावायची वस्तू आहे, बंद करायची नव्हे, अशी त्यांची समजूत होती.

निवृत्तीनंतर भद्रावतीला दोन खोल्यांचं घर झालं. स्वतःचं, आणि पहिलंच. मीटरचा अर्ज देवराव आपल्या नावाने भरून घेऊन आले.

"घर माह्या नावानं, तं मीटर तुमच्या नावानं काऊन?" कलाबाईंनी विचारलं. देवराव दुसरा अर्ज आणायला गेले.

नागपूरहून मुलाचा, संघपालचा, फोन आला. "आई, बिल माह्या मोबाईलवर येऊ दे. दर महिन्याले मीच भरत जाईन."

मुलगा गुणाचा. पण कलाबाई म्हणाल्या, "आतापर्यंत दुसऱ्याले दिवे देल्ले, बाबू. आपल्या घरचा उजेड माह्या पेन्शनीत भागला पाह्यजे. नाई भागला तं सांगन तुले."

मीटर बसला. तिसऱ्या दिवशी देवराव वायरमन अश्वजितला ओढतच घेऊन आले. मीटरवरचा लाल ठिपका भराभर लुकलुकत होता.

"बिघडला हाय हा. बदलून दे."

अश्वजितने घरात डोकावलं. हिटर लालभडक, इस्त्री तापलेली, आणि दोन पंखे रिकाम्या खाटांना वारा घालत होते.

"मीटर चांगला हाय, भाऊ. तुमच्या मांगं धावून धावून त्याले दम लागला."

"क्वार्टरात तं कधी नाई लागला."

"तिथी मीटर होता काय?"

कलाबाई त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. हे असंच चाललं तर पहिलंच बिल नागपूरला पाठवावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी हिटर माळ्यावर गेला आणि प्रत्येक बटणाशेजारी एकेक खिळा आला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले झाले: एक देवरावांचा, एक कलाबाईंचा. पंखा लावायचा तर आपला बिल्ला पंख्याच्या खिळ्यावर. उठताना पंखा बंद, बिल्ला खिशात.

"आपल्याच घरात हाजरी द्या लागन काय?" देवराव कुरकुरले.

"हो. अन् सुट्टी मागाची असन तं अर्ज करा."

आठवडाभरात देवराव चुकलेच. पंखा फिरताच ठेवून पानठेल्यावर गेले. सुपारी तोंडात टाकतात न टाकतात तोच कलाबाई समोर.

"तुमचा बिल्ला लटकून राह्यला."

"मंग?"

"माणूस खाली हाय समजून शोधाले आली."

पानठेला हसला. देवरावही हसले, पण सुपारी अर्धी टाकून घरी गेले. त्या दिवसापासून उंबरठा ओलांडण्याआधी त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो.

पहिलं बिल आलं. कलाबाईंनी त्यावरचं आपलं नाव दोनदा वाचलं, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि भरणा केंद्राच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी संघपालने विचारलं, "आई, बिल आलं काय? फोटो पाठव, भरून टाकतो."

"भरलं."

"झेपलं?"

"झेपलं. तू सुटीत येजो. तुहा बिल्ला कापून ठेवला हाय."