काळी वीज, पिवळी वीज

आमच्या अकोल्याच्या मावसाजींनी जन्मात कशावरही एका दमात विश्वास ठेवलेला नाही. बोहल्यावर अंतरपाट धरलेला असताना त्यांनी बाजूनं वाकून नवरी तीच आहे ना, हे बघून घेतलं होतं, असं मावशी अजून सांगते. टरबूज घेतील तर ठोकून, हुंगून आणि वर विकणाऱ्याच्या तोंडाकडे निरखून. अशा माणसाच्या फोनवर जावयानं एक ॲप टाकून दिलं. या घडीला वीज कशापासून बनते आहे ते त्यात दिसायचं. पिवळा पट्टा सूर्याचा, काळा कोळशाचा. "जावई फुकट काई देत नसते," म्हणत मावसाजींनी आठवडाभर अंगणात उभं राहून तो पट्टा उन्हाशी ताडून पाहिला. दुपारी पिवळा फुगायचा, दिवस बुडाला की काळा पसरायचा. जन्मात पहिल्यांदा त्यांना काहीतरी पटलं आणि तिथंच घराचा सत्यानाश झाला.

पाणी प्यायला उठताना पंखा बंद करणारा हा माणूस, पण आता दुपारभर रिकाम्या न्हाणीतही दिवा जळू लागला. "सूर्याची हाये, वापरा बिनधास्त!" शेजारणीला हाका मारून तिची चटणीसुद्धा आपल्या मिक्सरवर. आणि दिवस मावळला की हेच गृहस्थ चोर शोधावा तसे घरभर बटणं बंद करत फिरायचे. काळ्या विजेच्या शेगडीवरच्या चहाला म्हणे धुराचा वास येतो! एकदा मी पंखा लावला तर लगेच, "काहून लावला बे? पट्टा पाह्यला का?"

पण अकोल्याचा मे महिना. संध्याकाळी भिंती नुसत्या आग ओकतात, आणि मावशीला गरमी सोसत नाही. कूलर सातच्या ठोक्याला बंद. एका संध्याकाळी तिला भोवळ आली आणि ती ओट्यापाशीच बसली. दुसऱ्या दिवशी तिनं थैली भरली. "तुमचा कोळसा सरन, तवा बलावजा," म्हणाली आणि बडनेऱ्याला लेकीकडे निघून गेली. मावसाजी रोज फोन करून विचारत, "तिथं कूलर चालू हाये का?"

"हाये. काळ्यावरच. झोप मस्त लागते."

परवा दिवेलागणीला मी गेलो. घरात काळोख, मावसाजी बाहेर पायरीवर घामाघूम, पेपरनं वारा घेत बसलेले. आत मात्र कूलरची घरघर! डोकावलो, तर मावशीच्या रिकाम्या खाटेवर चादर हलत होती.

"मावसाजी, हे काय? काळी सुरू झाली ना?"

"म्हणूनच मी बाहेर बसलो. ते हवा आपल्याले नाई पाह्यजे."

"मग लावला कशाला? मावशी येणार आहे?"

"म्हणली नाई अजून. पण आली अन् खोली तापेल भेटली त?"

माझा जीव कळवळला. मी मावशीला फोन लावला आणि कूलरसमोर धरला. घरघर ऐकून तिनं विचारलं,

"ते आत बसले का बाहेर?"

"बाहेर."

"वाटलंच मले. त्याईले म्हणा खिडकी उघडी ठेवा, नाई त दमट होते. सकाळच्या गाडीनं येतो मी."

निरोप सांगितला तर मावसाजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "खरंच बोलली का तूच बनवून सांगून राह्यला?"

"घ्या, विचारून घ्या," म्हणत मी चालू फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, पण विचारलं काहीच नाही. तिचा आवाज ऐकला आणि उठून खिडकी उघडायला आत गेले.