गाडीखाली जाण्याआधी

गल्लीत सगळे त्यांना टर्नर म्हणत. कारखान्यातल्या लेथवरून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ओघानेच बायको टर्नरीणबाई. स्वतःची गाडी मेकॅनिककडे न्यायची म्हणजे टर्नरांना नाक कापून घेतल्यासारखं वाटे.

त्यांचा एक नेम होता. जॅक गाडी उचलतो, पेलत नाही. म्हणून उचललेली गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवायची आणि मग बाईंनी तिला अंगातला सगळा जोर लावून धक्का द्यायचा. ती ढिम्म राहिली तरच टर्नर खाली सरकणार. मागच्या चाकांना विटा लावणंही बाईंकडेच. संसारात अशा कामांच्या वाटण्या कुणी ठरवत नाही, त्या होऊन जातात.

त्या सकाळी मात्र घरात अबोला होता. "सत्तरी आली, आता गाडीखाली लोळणं पुरे," असं बाई आदल्या दिवशी म्हणाल्या, आणि "तुला गाडीतलं काय कळतं?" असं टर्नर बोलून गेले. झालं, तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना.

पुढचा शॉकअप बदलायचा होता. टर्नरांनी गाडी उचलली, घोड्यांवर टेकवली, चाक काढलं, गाडीखाली चटई सरकवली आणि पायरीवर येऊन बसले. हाक मारावी तर माघार घेतल्यासारखं होणार. ते खोकले. मग पाना फरशीवर टाकला. उचलून पुन्हा टाकला, जरा जोरात. आतून फक्त भांडी आदळल्याचा आवाज आला.

अखेर बाई बाहेर आल्या. नवऱ्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी आदल्या दिवसाचा सगळा राग त्या गाडीवर काढला.

गाडी मागे घरंगळली, घोड्या कलंडल्या आणि पुढचा भाग धाडकन चटईवर आदळला.

मागच्या चाकांना विटाच नव्हत्या. हँडब्रेक जुना, अंगण उतरतं. आणि विटांचा विचार करायची वेळ टर्नरांवर आजवर आलीच नव्हती.

बाई टर्नरांच्या शेजारी मटकन बसल्या.

"अहो, मी आलेच नसते तर?"

"तर इथेच बसून राहिलो असतो."

"रात्रीपर्यंत?"

"तू धक्का दिल्याशिवाय खाली जायचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं," टर्नर म्हणाले. "तुला सांगितलं नाही, एवढंच."