दोन जाळ्या आणि तात्यांचा पाय

बारामतीच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संशोधनासाठी आले, तेव्हा प्रा. मधुकरराव वाघोले सरांनी नाव विचारायच्या आधी मला चप्पल काढायला सांगितली. मी गडबडून नमस्काराला वाकले. "अगं, पाया नको पडू, पाय दाखव," म्हणत सरांनी मला पावलाचा दाब मोजणाऱ्या दाबपट्टीवर उभं केलं. सर यंदा साठ वर्षांचे होत आहेत. सवय तीच आहे.

पाऊल जमिनीला टेकताना कुठं किती दाब येतो, हे संगणकावर शोधणं हा सरांचा विषय. त्यासाठी पावलाच्या प्रतिकृतीचे हजारो बारीक तुकडे पाडतात, तीच जाळी. टोकदार तुकड्यांची जाळी झटपट होते, विटांसारख्या तुकड्यांची करताना नाकी नऊ येतात. टोकदार जाळी पुरते, असं सरांनी वर्षानुवर्षं मांडलं होतं आणि त्यावरच नाव कमावलं होतं. माझ्याकडे दोन्हींची तुलना आली.

त्याच सुमारास बावड्याच्या तात्यांसाठी बुटातला सुखतळा तयार झाला होता. तात्या भाजीपाला पिकवतात. मधुमेहानं त्यांचे तळवे बधिर झालेले, एक जखम जेमतेम भरलेली. टोकदार जाळीनं सगळा भार टाचेवर दाखवला, म्हणून सुखतळा टाचेखाली मऊ केला होता. माझ्या विटांच्या जाळीनं मात्र तो भार अंगठ्याच्या मुळाशी दाखवला. सरांना हे सांगायचं कसं? सर तसे तापट. चहा गार आला तरी आवाज चढतो.

शेवटी मी दोन्ही निकाल सरांना पडद्यावर शेजारी-शेजारी दाखवले. मग त्यांनी तात्यांना फोन लावला. "तात्या, सुखतळा नाही देत. माझं चुकलेलं दिसतंय. आधी दाबपट्टीवर उभं राहून जा."

"तुमी म्हणाल तसं, सर. माझ्या पायाला काटा रुतला तरी कळत न्हाय. तुमालाच कळायचं."

दाबपट्टीनं विटांच्या बाजूनं कौल दिला. सुखतळा नव्यानं झाला. पुढच्याच परिषदेत सरांनी आपला जुना निष्कर्ष तळव्याच्या मऊ मांसाला लागू पडत नाही, हे भर सभेत स्वतः सांगितलं आणि शोधनिबंधावर माझं नाव आपल्या आधी घातलं. त्या दिवशी मला सरांचा फार अभिमान वाटला.

परवा सरांच्या साठीच्या या समारंभाचं आमंत्रण द्यायला तात्यांना फोन केला. गाडी पाठवू का, विचारलं.

"गाडी कशाला? येष्टीनं येतो, स्टँडपासनं चालत. सरांनी दोन्ही पाय राखल्यात, ते वापराय नकोत व्हय?"

सर, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आपल्या पंच्याहत्तरीलाही तात्या असेच चालत यावेत, आणि आपण त्यांना दारातच चप्पल काढायला सांगावी.