साईन म्हंजी काय

परभणीतल्या एका दवाखान्यात झरीची एक बाई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. आत तिची सून अडली होती. सिस्टर कागद घेऊन आली.

"सिझर करावं लागेल. साईन करायला मुलाला बोलवा."

"ल्योक पुण्याहून यायलाय," बाई म्हणाली. "साईन म्हंजी काय, तेवढं सांगा."

"तुमची संमती. आणि काही झालं तर जबाबदारी तुमची."

तिनं पदर खोचला. "मग आना इकडं. ती घरात आली तवापासून जबाबदारी माझीच हाय."

एकेक अक्षर दाबत तिनं पूर्ण नाव लिहिलं. इतक्या निवांतपणे सही करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

मुलगा धापा टाकत पोचला, तेव्हा नात तिच्या मांडीवर झोपली होती आणि आतून सून पाणी मागत होती.