मनोहररावांचा गेटपास

आमच्या नाटक कंपनीत संघपाल पडदा ओढायचा. राजा होऊन मी तीस वर्षे स्टेजवर मेलो, पण माझा शेवटचा श्वास संपल्याशिवाय त्याने एकदाही पडदा पाडला नाही. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही.

कंपनी बंद पडली आणि तो मिहानकडे विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. ते भाग तेजाबात धुतात. ते विषारी पाणी शुद्ध करून नाल्यात सोडायचे, हे त्याचे काम. शुद्धतेचा पुरावा म्हणून शेवटच्या टाकीत एक मासा पाळलेला, शेपटी फाटलेला. कामगार त्याला मनोहरराव म्हणत. मासा मेला की नाल्याची झडप बंद, आणि मग कारखानाही बंद.

गेटपासशिवाय आत कोणी राहायचे नाही असा नियम. म्हणून मनोहररावांचाही पास होता, फोटोसकट. हुद्दा, पाणी तपासनीस.

एका सकाळी मनोहरराव उलटे तरंगताना दिसले. संघपालने झडप फिरवली. मॅनेजर दीप्ती मॅडम धावत आल्या. विमानाच्या पंखांचे भाग त्याच दिवशी रवाना व्हायचे होते. झडप उघड, नाहीतर उद्यापासून येऊ नको, असे त्यांनी बजावले आणि ड्रायव्हरला नवा मासा आणायला पिटाळले.

संघपाल झडपेचे चाक धरून बसला. "खाली लोकायचे ढोरं हेच पाणी पेतेत, मॅडम. हा काहून मेला ते समजू द्या, मंग खोलतो."

नवा मासा पिशवीतून गेटवर आला. वॉचमन धोंडबाने पास मागितला. मॅडमनी मनोहररावांचा दाखवला. धोंडबाने चष्मा लावून आधी फोटो पाहिला, मग पिशवी.

"याची शेपटी तं साबूत आहे. हे मनोहरराव नाहीत."

मासे सगळे सारखेच, असे मॅडम म्हणाल्या. धोंडबाने वही पुढे सरकवली. हेच ते, असे लिहून सही करा, मी सोडतो.

मॅडमनी पेन उघडले. बराच वेळ धरून ठेवले. मग टोपण लावून त्या टाकीकडे परतल्या आणि पाइप कुठे फुटला असेल, असे संघपालला विचारू लागल्या.

सांधा तडकला होता. तेजाबाचे पाणी थेट टाकीत येत होते. कारखाना दीड दिवस थांबला, संघपालची नोकरी राहिली.

मनोहररावांचा पास जमा करताना नोकरी संपण्याचे कारण लिहावे लागते. मॅडमनी स्वतः लिहिले, कामावर असताना मृत्यू. आठवड्याने मुख्य कार्यालयाचे पत्र आले की वारसांची नावे कळवा.

संघपाल आता रोज नाल्याकाठी बसून पाणी प्यायला येणाऱ्या ढोरांची नावे लिहून राहिला आहे. कालपर्यंत चौदा झाली.