चालत्या कम्प्युटरची सुधारणा

चालता कम्प्युटर बंद कसा पाडायचा, हे मला कोणी शिकवलं नाही. ते मी स्वतःच्या हिमतीवर शिकलो.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात राहतो आणि नाटकांची पोस्टरं बनवतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं सुरू होतात. नायिका मधोमध, खलनायक कोपऱ्यात, आणि नाटकाचं नाव एवढं मोठं की धावत्या एसटीतूनही वाचता यावं, असं पोस्टर प्रत्येक कंपनीला लागतं. हे सगळं मी घरीच, बैठकीच्या खोलीतल्या कम्प्युटरवर करायचो. कम्प्युटर म्हातारा होता. सकाळी बटण दाबायचं, आंघोळ करायची, चहा प्यायचा, मग तो डोळे उघडायचा. नायिकेचा फोटो जरा मोठा करायला सांगितला की असा गप्प व्हायचा, जणू तिच्या बापाची परवानगी आणायला गेलाय!

त्यात एक दिवस पडद्यावर सूचना झळकली. या सिस्टिमला यापुढे कंपनीचा आधार मिळणार नाही.

"बस झालं!" मी म्हणालो. "नवी सिस्टिम टाकतो. मेमरी पन वाढवतो."

(घरी एरवी आम्ही हिंदीत बोलतो. पण वाद घालायचा असला की तोंडात झाडीबोलीच येते. तिच्यात जोर जास्त.)

"चालून राह्यला ना तो?" माझी बायको नसीम म्हणाली. "मंग काऊन हात लावता?"

"त्याले कंपनीचा आधार नाई राह्यला!"

"तुमाले तरी कोनाचा आधार हाये? चालून राह्यले ना तुमी!"

अब्बा खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. अब्बा म्हणजे एकेकाळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे, सगळं हातानं रंगवायचे. घरात कम्प्युटर आला आणि त्यांचे ब्रश आणि रंगांच्या पुड्या माळ्यावर गेल्या. त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. "सीझन तोंडावर आला, आरिफ. देवरावचं पोस्टर तरी होऊ दे."

देवरावभाऊ म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, नाटक कंपनीचे मालक. त्यांचं 'मामीनं आणली मोटार' हे नवं नाटक लागणार होतं. पोस्टर तयारच होतं, फक्त छापायचं बाकी होतं. शहाण्या माणसानं ते आधी छापून घेतलं असतं. मी मात्र निर्धार केला होता!

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीची एसटी पकडली. दुकानदारानं विचारलं, "मेमरी कोणत्या मशीनची पाहिजे?" मी म्हणालो, "सगळ्यात नवी द्या." त्यानं दिली. छोटीशी, देखणी पट्टी. घरी येऊन कम्प्युटरचा डबा उघडला, तर आतली खाच हातभर लांब आणि ही पट्टी बोटभर! लॅपटॉपची मेमरी होती ती.

"पोराची चड्डी बापाले आनली तुमी," नसीम म्हणाली.

पुन्हा एसटी, पुन्हा गडचिरोली. या वेळी बरोबर पट्टी आणली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. बटण दाबलं. आतून आवाज आला, टीं... टीं... टीं... अगदी मागे येणाऱ्या ट्रकसारखा! समोरचे शेजारी ताटावरून उठून, हात न धुता धावत आले आणि त्यांनी आपली मोटारसायकल भिंतीला लावली. मग गल्लीत दोन्हीकडे पाहून त्यांनी विचारलं, "ट्रक कुठी हाये?"

"ट्रक नाई भाऊ," नसीम शांतपणे म्हणाली. "आमचे हे हायेत."

पट्टी काढली, खोडरबरानं घासली, फुंकर मारली, पुन्हा दाबली. आवाज थांबला! कम्प्युटर सुरू झाला! मी छाती पुढे काढून नव्या सिस्टिमचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'थोडा वेळ लागेल. कम्प्युटर बंद करू नका.'

आमचा यूपीएस कधीच गेलेला होता, म्हणजे फ्यूज उडाला की खेळ खलास. मी घरात संचारबंदी लावली. मिक्सर बंद. इस्त्री बंद. पाण्याची मोटर बंद. अब्बांचा रेडिओ सेलवर चालतो, पण तोही बंद. (धोका कशाला पत्करायचा?)

"चटनी कशी वाटू?" नसीमनं विचारलं.

"पाट्यावर."

"म्हणजे तुमचा कम्प्युटर पुढं जाणार अन् मी मागं!"

दुपार गेली. नसीमनं चटणी पाट्यावर वाटली, पण असा वरवंटा आपटला की फ्यूज नाही तर भिंत जाते की काय असं वाटलं. शेवटी सिस्टिम बसली. काय तो वेग! बटण दाबलं आणि उघडला. मला आंघोळीलाही वेळ मिळाला नाही! मी सगळ्यांना बोलावलं आणि ऐटीत देवरावभाऊंचं पोस्टर उघडलं.

नायिका जागेवर. खलनायक जागेवर. मोटारही जागेवर. पण 'मामीनं आणली मोटार' जिथे होतं, तिथे टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, अधिकची चिन्हं आणि उलटे कंस एका रांगेत उभे होते. मराठीचा जुना फाँट नव्या सिस्टिमला ओळखतच नव्हता. तो ज्या सॉफ्टवेअरबरोबर आला होता, तेही सुरू व्हायला तयार नव्हतं. नव्या फाँटमध्ये टाइप करून पाहिलं, तर 'मोटार'मधली मात्रा एकीकडे आणि काना दुसरीकडे. गाडीचं चाक निखळावं तसं!

आणि नेमके तेव्हाच देवरावभाऊ दारात.

"झालं का पोस्टर? गाडी उभी हाये. आज चिकटवलं नाई तर प्रयोगाले कुत्रं नाई येनार." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आरिफ, हे तेलुगू हाये काय? आपला प्रयोग तिकडं तेलंगणाच्या हद्दीवर, सिरोंच्याले नाई, बाप्पा!"

"भाऊ, सिस्टिम नवी टाकली..."

"मंग जुनी काढ ना बाहेर!"

"ते आता जमत नाई."

देवरावभाऊ खुर्चीत बसले. तिकिटांवर त्यांचं वर्षभराचं गणित होतं, कलावंतांची जेवणं होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातलं तिकिटांचं पुस्तक काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलं.

अब्बा खाटेवरून उठले. "नसीम, पांढऱ्या चादरी आन. आरिफ, माळ्यावर चढ."

"अब्बा, तुमचा हात थरथरते..."

"चहा पिताना थरथरते. तू चढ!"

अंगणात चादर ताणली. अब्बांनी ब्रश रंगात बुडवला, क्षणभर थांबले आणि 'मा' काढला. रेघ सरळ गेली. मग 'मी'ची वेलांटी अशी झोकात वळवली की देवरावभाऊ खुर्ची सोडून अंगणात आले. नसीम रंग कालवत होती. मला अक्षरं भरायला दिली होती. मी 'मोटार' भरताना रेघेबाहेर गेलो, तेव्हा अब्बांनी माझ्याकडे न पाहता त्या ओघळाचा गाडीचा धूर करून टाकला. मोटार धावायला लागली! रात्री चादरी गाडीला बांधून देवरावभाऊ निघाले. जाताना अब्बांचा रंगलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

प्रयोगाला मंडप भरला. लोक म्हणे नाटकाआधी चादरीसमोर उभे राहून फोटो काढत होते. मग दुसऱ्या कंपनीचा निरोप आला. हाताचंच पोस्टर पाहिजे. मग तिसरीचा. अब्बा आता सकाळी उठून मिशीवर कंगवा फिरवून अंगणात बसतात. माझा कम्प्युटर विजेसारखा चालतो, आणि त्याच्याकडे काम नाही.

परवा एका नव्या कंपनीचे मालक आले. मी अंगणात रंगाचे डबे धूत होतो. त्यांनी विचारलं, "हे कोन?"

नसीम म्हणाली, "अब्बाचे असिस्टंट. शिकून राह्यले."

अब्बांनी ब्रशावरची नजर न काढता दुरुस्ती केली, "शिकून नाई राह्यला. डबे धुऊन राह्यला."